विंडोज १० वरून ११ वर जाताना व्हायरस आधी काढावा की नंतर?

अर्धविराम
माझ्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे. त्याला मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, हे ठाऊक असूनही मी आज करू, उद्या करू म्हणत चालढकल केली. लॅपटॉप विंडोज ११ साठी पात्र आहे, तेव्हा अडचण यंत्राची नाही. अडचण अशी, की गेल्या दोन आठवड्यांपासून त्याची लक्षणे ठीक दिसत नाहीत. ब्राउझरमध्ये काहीही शोधायला टाकले की आधी एक अनोळखी पान क्षणभर झळकते आणि मग निकाल येतात. लॅपटॉप नुसता उघडून ठेवला तरी पंखा घरघरत राहतो. चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला, की मात्र दोन-चार सेकंदांत शांत होतो आणि यादीत संशयास्पद असे काहीच दिसत नाही.

आत काहीतरी शिरले आहे, हे मी गृहीत धरले आहे. वरच्या वर विंडोज ११ चढवले तर ते आपोआप जाईल का? की आधी साफसफाई करून मग अपग्रेड करावे? की सगळे पुसून नव्याने सुरुवात करावी? सुमारे ३०० जीबी फोटो आणि कागदपत्रे आहेत, म्हणून तिसऱ्या पर्यायाचा धीर होत नाही.

तिरकस
टास्क मॅनेजर उघडल्यावर पंखा शांत होतो, याचा अर्थ आतला पाहुणा तुमच्यापेक्षा अधिक सावध आहे.

कळफलक
तिरकस यांनी थट्टेत सांगितले असले तरी ते खरे आहे. तुमच्या संगणकाची ताकद वापरून परस्पर आभासी चलन मिळवणारे काही प्रोग्राम टास्क मॅनेजर उघडला जातो का, यावर लक्ष ठेवून असतात आणि तो उघडताच काम थांबवतात.

मूळ प्रश्नाकडे वळतो. अपग्रेड करणे आणि साफ करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरच्या वर अपग्रेड करताना सेटअप जुने विंडोज उचलून ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरात ठेवतो, नव्या प्रणालीच्या फाइली मांडतो आणि मग तुमचा सगळा संसार तिच्यात परत लावून देतो: प्रोग्राम, वापरकर्त्याचे फोल्डर, रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंगच्या वहीतील) नोंदी, संगणक सुरू होताच चालू होणाऱ्या गोष्टींची यादी, टास्क शेड्युलरमधील, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी, कामे. तुमच्या सोयीसाठी घेतलेली ही मेहनत व्हायरसच्याही सोयीची ठरते, कारण हल्लीचे बरेचसे व्हायरस विंडोजच्या फोल्डरात राहतच नाहीत. ते वापरकर्त्याच्या ‘अ‍ॅपडेटा’ फोल्डरात एखादे साळसूद नाव घेऊन बसतात आणि शेड्युलरमध्ये स्वतःची नोंद करून ठेवतात. सेटअपच्या लेखी ती तुमचीच मालमत्ता असते. गादी नव्या घरात नेली की ढेकूणही येतात, त्यातला प्रकार.

निरंक
कळफलक यांच्याशी अंशतः असहमत. अपग्रेडमध्ये विंडोजच्या स्वतःच्या फाइली नव्या येतात, त्यामुळे ज्या व्हायरसने जुन्या सिस्टिम फाइलींमध्ये फेरफार केलेले असतात किंवा जो विशिष्ट आवृत्तीच्या आधारानेच चालतो, त्याचा पाय मोडतो. माझ्याकडे एकदा असे झाले, की विंडोज ७ वरून १० वर गेल्यावर जाहिराती उघडणारा प्रोग्राम प्रत्येक वेळी फक्त त्रुटीचा संदेश दाखवून बंद पडू लागला. अपग्रेडने काहीच साध्य होत नाही, असे नव्हे.

कळफलक
तुमचा व्हायरस मोडला, काढला गेला नाही. त्रुटीचा संदेश दाखवायला तो दररोज उठत होता, यावरूनच ते कळते.

निरंक
हा मुद्दा मात्र मान्य करावा लागेल. पुढे तो मी हातानेच काढला होता.

रात्रपाळी
स्वतःचा अनुभव सविस्तर लिहितो, कारण तो याच प्रश्नाचे उत्तर आहे.

एका ओळखीच्या गृहस्थांनी मला संगणक तयार करून दिला होता. विंडोज अस्सल नव्हते, ते परवान्याची पडताळणी चुकवणाऱ्या एका ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ने चालू केलेले होते. मला त्या वेळी त्यातले काही कळत नव्हते. पुढे मी अधिकृत मार्गाने १० वरून ११ वर वरच्या वर अपग्रेड केले, डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्या अंगच्या अँटिव्हायरसचा, पूर्ण स्कॅन लावला आणि ‘कोणताही धोका नाही’ हे हिरवे चिन्ह पाहून निश्चिंत झालो. तरीही माझ्या खात्यांवरून परस्पर संदेश जात होते. शेवटी एकाने डिफेंडरच्या सेटिंगमध्ये ‘एक्सक्लूजन’ची यादी, म्हणजे स्कॅनमधून वगळलेल्या जागांची यादी, उघडायला सांगितली. त्या यादीत एकच ओळ होती: संपूर्ण सी ड्राइव्ह. अ‍ॅक्टिव्हेटर चालवताना तो अडवला जाऊ नये म्हणून ती सूट दिलेली होती आणि अपग्रेडने ती इमानेइतबारे नव्या प्रणालीत आणून ठेवली होती. डिफेंडर खोटे बोलत नव्हता. त्याला जिथे पाहण्याची परवानगी होती तिथे खरोखर काही नव्हते.

म्हणून अर्धविराम, स्कॅन करण्यापूर्वी ती यादी अवश्य पाहा. त्यात तुम्ही स्वतः घातलेले नसलेले काही आढळले, तर आधी ते काढा.

अर्धविराम
पाहिली. माझ्या यादीत अ‍ॅपडेटामधल्या एका फोल्डराचे नाव आहे, जे मी घातलेले नाही. फोल्डराचे नाव एखाद्या ध्वनी-चालकासारखे, म्हणजे साउंड ड्रायव्हरसारखे, आहे.

तिरकस
पाहुण्याचा पत्ता मिळाला.

कळफलक
ते नाव यादीतून काढा आणि नेहमीच्या स्कॅनऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ लावा. यात संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण उठण्यापूर्वीच तपासणी होते, त्यामुळे व्हायरसला लपायला किंवा स्वतःचा बचाव करायला वाव मिळत नाही. साधारण १५ मिनिटे लागतात. उघडलेली कामे आधी जतन करून ठेवा, कारण तो फार वाट न पाहता संगणक बंद करतो.

जुने_खोड
अपग्रेड आणि व्हायरस म्हटले की मला ऑगस्ट २००३ आठवतो. तेव्हा विंडोज एक्सपी नव्याने टाकले, इंटरनेटची तार जोडली आणि अद्ययावत करण्यासाठी ब्राउझर उघडेपर्यंत पडद्यावर चौकट आली, की ६० सेकंदांत संगणक बंद होत आहे. हा ब्लास्टर नावाचा व्हायरस. त्याला आत यायला कुणी काही उघडावे लागत नसे. नेटवर्कवर उभ्या असलेल्या, दुरुस्ती न लावलेल्या यंत्रात तो स्वतः शिरत असे. त्या फटीची दुरुस्ती १६ जुलैलाच निघालेली होती, परंतु ती उतरवून घेण्यासाठी इंटरनेटवर जावे लागे आणि इंटरनेटवर गेले की ब्लास्टर येई. एक्सपीमध्ये नेटवर्कवरची नको ती ये-जा अडवणारी फायरवॉल होती, पण ती मुळात बंद असे. ती आपोआप चालू राहू लागली ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून. आम्ही कमांड प्रॉम्प्टवर शटडाऊनची आज्ञा ‘ए’ या पर्यायासह देऊन उलटगणती थांबवत असू आणि मिळालेल्या वेळात फायरवॉल चालू करून दुरुस्ती उतरवत असू.

कोरी करकरीत प्रणाली सुरक्षित असते, हा समज माझ्या मनातून तेव्हाच गेला. आज परिस्थिती इतकी वाईट नाही, परंतु जुन्या पेन ड्राइव्हवरून नवी प्रणाली टाकली, तर पहिले काम अपडेटचेच असले पाहिजे.

सावकाश
घाई कशासाठी, हा माझा प्रश्न आहे. विंडोज १० वर डिफेंडरला व्हायरसच्या नव्या ओळखी ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहेत, असे मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केले आहे. मग अर्धविराम यांनी व्हायरस काढावा आणि आहे तिथेच राहावे.

जुने_खोड
सावकाश, चोराचे छायाचित्र पहारेकऱ्याकडे असणे वेगळे आणि दाराची कडी शाबूत असणे वेगळे. डिफेंडरच्या ओळखी हे छायाचित्र झाले. प्रणालीतील फटी बुजवणाऱ्या दुरुस्त्या ही कडी झाली. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय १२ मे २०१७ रोजी पसरला, तेव्हा त्याने वापरलेल्या फटीची दुरुस्ती १४ मार्चला निघून दोन महिने होत आले होते. ज्यांनी ती लावली होती त्यांच्या यंत्रात तो त्या वाटेने शिरू शकला नाही. एक्सपीचा पाठिंबा २०१४ मध्येच संपला होता, म्हणून त्याच्यासाठीची दुरुस्ती सर्वांना खुली झाली ती हल्ला झाल्यावर. तुम्हाला विंडोज १० वरच राहायचे असेल, तर निदान वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांसाठी नोंदणी करा. घरगुती वापरकर्त्यांसाठी ती मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे.

सावकाश
नोंदणीचा पर्याय माहीत नव्हता. आभार.

मुक्तछंद
या सगळ्या कटकटीवर एकच उत्तर आहे: लिनक्स. व्हायरस नाही, अपग्रेडची सक्ती नाही, यंत्र पात्र की अपात्र हा प्रश्नही नाही.

तिरकस
धागा सुरू होऊन तेरा प्रतिसाद झाले तरी लिनक्स आले नाही, म्हणून मला काळजीच वाटू लागली होती.

कळफलक
मुक्तछंद, लिनक्सवर घरगुती वापरकर्त्याला व्हायरसचा त्रास कमी होतो, हे मान्य. परंतु नवी प्रणाली कुठून उतरवली, हा प्रश्न तिथेही सुटत नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि १७.३ या आवृत्तीच्या सिनॅमन प्रतीचा दुवा बदलून चोरदरवाजा असलेली प्रत लोकांच्या हाती देण्यात आली. अधिकृत पानावरून उतरवूनही त्या दिवशी काही जण फसले.

यावर उपाय म्हणजे फाइलीचा ठसा, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारी अक्षरांची ओळखमाळ, पडताळणे. ६४ अक्षरांचा एसएचए-२५६ ठसा बहुतेक प्रणालींचे निर्माते प्रसिद्ध करतात आणि विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ या अंगच्या साधनाने तो काढता येतो. एक अक्षर जरी वेगळे निघाले तरी ती फाइल वापरू नये. पण मिंटच्या बाबतीत झाले तसे संकेतस्थळच ताब्यात गेले असेल, तर तिथला छापील ठसाही बदललेला असू शकतो, म्हणून तो दुसऱ्या ठिकाणाहूनही पाहून घ्यावा.

मुक्तछंद
हे खरे आहे, मी स्वतः मिंट वापरतो आणि ठसा मात्र फक्त एकदाच तपासला आहे.

पाणपोई
उतरवण्याचा विषय निघालाच आहे, तर एक धोका सांगते. २०२२ च्या जानेवारीअखेर विंडोज ११ चे अपग्रेड सर्व पात्र संगणकांना देण्याचा शेवटचा टप्पा जाहीर झाला आणि दुसऱ्याच दिवशी कुणीतरी अधिकृत पानासारखे हुबेहूब दिसणारे संकेतस्थळ नोंदवले. एचपीच्या सुरक्षा संशोधकांनी ते उजेडात आणले. ‘आता उतरवा’ हे बटण दाबले की १.५ एमबीची झिप फाइल येई आणि ती उलगडल्यावर आतला प्रोग्राम तब्बल ७५३ एमबीचा निघे. त्यातला जवळजवळ सगळा भाग एकाच पुनरावृत्त मजकुराची भरताड होती. इतक्या मोठ्या फाइली काही अँटिव्हायरस तपासतच नाहीत, याचा तो फायदा घेतलेला होता. आत होता रेडलाइन, म्हणजे ब्राउझरमधले पासवर्ड उचलणारा चोर.

अपग्रेड सेटिंगमधल्या ‘विंडोज अपडेट’मधून करावे किंवा मायक्रोसॉफ्टच्या पानावरून माध्यम-निर्मितीचे साधन (मीडिया क्रिएशन टूल) घ्यावे. शोधयंत्रात टाकून पहिला दुवा उघडणे या बाबतीत विशेष वाईट, आणि अर्धविराम यांचे तर शोधाचे निकालच कुणीतरी मधल्या मध्ये वळवत आहे! त्यांनी त्या लॅपटॉपवरून काहीही उतरवू नये, असे मला वाटते.

अर्धविराम
पाणपोई, हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. मी काल रात्री त्याच लॅपटॉपवर शोध घेऊन पान उघडले होते, पण झोप आली म्हणून पुढे गेले नाही.

तिरकस
झोपेने संगणक वाचवल्याचे पहिलेच उदाहरण असावे.

चौथा_मजला
मी या विषयातला जाणकार नाही, पण सगळे पुसून टाकण्याचा अनुभव मोठा आहे, कारण मी एकाच आठवड्यात तीन वेळा फॉरमॅट मारला होता आणि तिन्ही वेळा व्हायरस परत आला.

मी फक्त सी ड्राइव्ह पुसत होतो. डी ड्राइव्हवर फोटो असल्यामुळे त्याला हात लावत नव्हतो. प्रत्येक वेळी नवे विंडोज टाकून झाले, की पहिले काम म्हणून डी ड्राइव्ह उघडायचो आणि ‘फोटो’ या फोल्डरावर दोनदा क्लिक करायचो. तिसऱ्या खेपेला चुकून फाइलींची मांडणी तपशीलवार यादीत बदलली गेली आणि दिसले, की इतर फोल्डरांच्या पुढे आकाराचा रकाना रिकामा आहे, पण ‘फोटो’च्या पुढे आकडा आहे. फोल्डराला तिथे आकार दिसत नसतो. तो फोल्डर नव्हताच. फोल्डराचे पिवळे चित्र लावलेला प्रोग्राम होता आणि खरा फोल्डर त्याने लपवून ठेवला होता. विंडोज फाइलीच्या नावाचे शेपूट मुळातच लपवून ठेवते, त्यामुळे ‘डॉट ईएक्सई’ दिसायचा प्रश्नच नव्हता. तीन वेळा मी स्वतःच्या हातांनी त्याला आवतण दिले होते.

कळफलक
चौथा_मजला यांचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत उपयोगी आहे. अर्धविराम यांच्या ३०० जीबीचा प्रश्नही त्यातच येतो. बॅकअप घेताना अख्खा ड्राइव्ह न उचलता फक्त फोटो, चित्रफिती आणि कागदपत्रे घ्यावीत. प्रोग्राम, त्यांच्या सेटअप फाइली आणि अ‍ॅपडेटा मागे सोडावे, कारण प्रोग्राम पुन्हा उतरवता येतात. फाइलींची शेपटे दिसतील अशी सेटिंग आधी करून घ्यावी. बॅकअप झाला की तो ड्राइव्ह लगेच काढून ठेवावा. खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फाइलीही कुलूपबंद करतात, आणि जोडलेला बॅकअप हा त्यांच्या दृष्टीने आणखी एक फोल्डरच असतो.

जुन्या वर्ड आणि एक्सेल फाइलींमध्ये मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, असू शकतात. नव्या यंत्रावर त्या उघडताना ‘मॅक्रो चालू करा’ असे विचारले तर नकार द्यावा.

धास्तावलेला
पण व्हायरस बायॉसमध्येच, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरील प्रोग्राममध्येच, जाऊन बसला असेल तर? मी वाचले आहे, की मग डिस्क बदलूनही उपयोग होत नाही.

जुने_खोड
असे प्रकार आहेत. सीआयएच नावाचा व्हायरस २६ एप्रिल १९९९ रोजी जागा झाला, तेव्हा त्याने अनेक संगणकांतले बायॉस पुसून यंत्रे मृतवत केली होती. मदरबोर्डवरील चिपमध्ये घर करणारा लोजॅक्स २०१८ मध्ये सापडला आणि तो डिस्क बदलल्यावरही टिकत असे. २०२३ मध्ये गाजलेला ब्लॅकलोटस सिक्युअर बूटला, म्हणजे फक्त खात्रीची प्रणालीच सुरू होऊ देणाऱ्या पहाऱ्याला, चकवत असे, पण तो डिस्कवरच्या बूट विभागात राहतो. परंतु लोजॅक्ससारखी हत्यारे निवडक लोकांवर चालवली जातात. शोधाचे निकाल वळवणाऱ्या आणि पंखा फिरवणाऱ्या भुरट्याकडे ती नसतात. अर्धविराम यांनी नव्या प्रणालीच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून डिस्कवरचे सगळे विभाग काढून टाकले, सिक्युअर बूट चालू ठेवले आणि बायॉसची निर्मात्याकडील नवी आवृत्ती टाकली, तर पुरेसे आहे.

निरंक
आणखी एक लहानशी गोष्ट. वरच्या वरच अपग्रेड करणार असाल, तर डिफेंडरव्यतिरिक्त दुसरा अँटिव्हायरस असल्यास तो आधी काढा. अपग्रेड मध्येच अडकण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. तो काढला, की डिफेंडर आपोआप चालू होतो. आणि डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची ४८ आकडी पुनर्प्राप्ती कळ आधी कागदावर उतरवून ठेवा. व्हायरस काढून झाल्यावर स्वतःच्याच संगणकाबाहेर उभे राहण्यासारखी फजिती नाही.

अर्धविराम
चार दिवसांनी परत आले आहे. काय घडले ते क्रमाने सांगते.

एक्सक्लूजनच्या यादीतला फोल्डर काढून ऑफलाइन स्कॅन लावला. ध्वनी-चालकाचे नाव घेतलेला तो प्रोग्राम सापडला आणि पंखा त्याच क्षणी शांत झाला. इथे मला वरच्या वर अपग्रेड करण्याचा मोह झाला, परंतु आणखी काय राहिले असेल याची खात्री नव्हती. त्यामुळे बहिणीच्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या पानावरून ८ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार केला, फक्त फोटो आणि कागदपत्रे वेगळ्या ड्राइव्हवर घेतली, तो काढून ठेवला आणि सगळे विभाग पुसून विंडोज ११ कोरे टाकले. अपडेट झाल्यावर ब्राउझर उघडला, माझ्या खात्याने आत गेले, काहीतरी शोधायला टाकले आणि तेच अनोळखी पान झळकले.

मी अक्षरशः खुर्चीतून उठले. दोन तास डोके आपटल्यावर कळले, की शोध वळवणारी वस्तू संगणकात नव्हतीच. ते ब्राउझरचे एक एक्स्टेंशन, म्हणजे जोडप्रोग्राम, होते, पीडीएफ जोडण्यासाठी मीच कधीतरी घेतलेले. खात्यात शिरताच सिंकने ते माझ्या बुकमार्कांसोबत नव्या संगणकावर आणून दिले. मग मी सिंक बंद केले, एक्स्टेंशन काढले, सिंक पुन्हा चालू केले आणि ते पुन्हा आले. सिंक चालू ठेवूनच काढायला हवे होते, म्हणजे खात्यातूनही ते गेले असते. तसे केल्यावर गेले.

रात्रपाळी
म्हणजे दोन वेगळे पाहुणे होते आणि आम्ही सर्व एकाचाच माग काढत होतो. पासवर्ड बदललेत का? जुन्या यंत्रावर ब्राउझरमध्ये साठवलेले सर्व पासवर्ड गेले असे समजा, आणि प्रत्येक खात्यात ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्यायही वापरा. ब्राउझरमधले प्रवेशाचे परवानेच चोरलेले असतील, तर नुसता पासवर्ड बदलून दरवेळी भागत नाही.

अर्धविराम
ईमेल आणि बँकेचे बदलले, बाकीचे आज रात्री बदलते. फोटोंचा ड्राइव्ह आत्ताच जोडला आहे आणि काहीही न उघडता त्याचा पूर्ण स्कॅन लावला आहे. पंखा पुन्हा घरघरतो आहे. मात्र या वेळी टास्क मॅनेजर उघडून ठेवला तरी तो थांबत नाही, आणि यादीत सर्वांत वर डिफेंडरचे नाव आहे.